चौतीस कागद आणि वाकोडे बाबू

वाकोडे बाबूंकडून गेज घेताना मला रोज सकाळी माझं नाव सांगावं लागायचं. एकोणीस वर्षं, रोज.

“कोन?”

“वच्छला.”

“वच्छला कोन?”

“अहो बाबू, काल मीच तं नेलं होतं.”

“काल नेलं थे काल परत आलं. आज कोन नेऊन राहिलं?”

मग मी पूर्ण नाव सांगायची, रजिस्टरमध्ये सही करायची, आणि खिडकीच्या गजांमधून गेज माझ्या हातावर यायचं. संध्याकाळी परत देताना बाबू ते उजेडात धरून बघायचे, मी दिवसभरात त्याचा एखादा तुकडा खाल्ला की काय अशा नजरेनं. मग ‘परत’ लिहिलेल्या रकान्यात बारीकशी खूण करायचे.

मला तो माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी डोळे पुसायला बसणार नाही.

आमचा कारखाना अमरावतीच्या एमआयडीसीत, स्प्रिंगांचा. तार गुंडाळायची, भट्टीत घालायची, टोकं घासायची ही कामं पुरुषांची. तपासायचं आणि डब्यात भरायचं काम आम्हा सतरा बायांचं. गेज म्हणजे पोलादाची छोटी पट्टी, तिला दोन भोकं. स्प्रिंग एकातून गेली पाहिजे, दुसऱ्यातून जायला नको. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं समजतं. वाकोडे बाबू स्टोअरवाले. गेज, हत्यारं, ड्रॉइंगचे कागद, सगळं त्यांच्या ताब्यात.

अंगानं काडी. शर्टाचं गळ्याजवळचं बटण मे महिन्यातही लावलेलं. कपाटांच्या किल्ल्या कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या, त्यामुळे कपाट उघडायचं तर आधी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, शर्ट वर घ्यायचा, किल्ली सोडवायची, मग वळायचं. नवीन माणसाला वाटायचं, बाबूंच्या पोटात दुखून राहिलं. आमच्यातली रुख्मी जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची तेव्हा डबे सांडायचे.

मालकालाही ते सोडत नसत. मोठे मालक गेल्यावर त्यांचा मुलगा कारखाना बघायला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला एक स्क्रू पिळायचा होता, तो खिडकीशी आला आणि म्हणाला, “बाबू, पेचकस द्या.”

बाबूंनी रजिस्टर पुढे सरकवलं.

“अरे, मी सही करू? कारखाना माझा आहे!”

“हाव. पेचकस स्टोअरचा आहे.”

मालकानं सही केली. संध्याकाळी पेचकस परत द्यायला विसरला, तर बाबू रजिस्टर काखेत घेऊन त्याच्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

माझा नवरा वारला तेव्हा मी तेरा दिवस घरी होते. चौदाव्या दिवशी कामावर आले. सगळ्या बाया गळ्यात पडून रडल्या, मी पण रडले, मग खिडकीशी गेले. बाबूंनी त्या दिवशीही नाव विचारलं. मी सांगितलं. गेज देताना म्हणाले, “तेरा दिवस ठेवून होतं. कोनाले देल्लं नाही.” एवढंच. सांत्वन म्हणून हे काही फार नाही. पण दुसऱ्या कोणी काय काय म्हटलं ते मी विसरले आणि हे लक्षात आहे.

वर्षातून एक दिवस मात्र हा माणूस वेगळा वागायचा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तो जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना खिडकीशी बोलवायचा. ज्या कंपन्यांसाठी आम्ही स्प्रिंगा बनवायचो त्या ड्रॉइंगचे मोठेमोठे कागद पाठवायच्या. माप बदललं की नवा कागद यायचा आणि जुन्यावर बाबू ‘रद्द’ असा शिक्का मारायचे. कागद जाड, एका बाजूनं कोरा. ते रद्द कागद बाबू आम्हाला वाटायचे, बाईगणिक दोन. एका कागदात चार वह्यांना कव्हर बसायचं. बाजारातलं खाकी कव्हर दिवाळीपर्यंत फाटतं, बाबूंचं मार्चपर्यंत टिकायचं. आमच्या सगळ्यांची पोरं, नातवंडं ट्रॅक्टरच्या स्प्रिंगांच्या नकाशात वह्या गुंडाळून शिकली. रजिस्टरात सही तिथेही होतीच.

मग सैन्याचं काम आलं. आलं म्हणजे सैन्यानं आम्हाला दिलं असं नाही. सैन्याला माल देणारी एक मोठी कंपनी होती, तिला एक स्प्रिंग हवी होती. ती कशात बसते ते आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारायचंही नव्हतं. ट्रॅक्टरचं काम तेव्हा निम्म्यावर आलं होतं. आठवड्यातले तीन दिवस आम्ही रिकाम्या टेबलांशी बसायचो. हे काम आलं आणि सतराच्या सतरा जणी परत सहा दिवस कामाला लागलो. हे गेलं असतं तर आम्हाला घरीच बसायचं होतं, त्यात कोणाला शंका नव्हती.

त्या कंपनीची ड्रॉइंगंही बाकीच्यांची यायची तशीच यायची. काही कागदावर, काही मालकाच्या फोनवर. फोनवर आलेलं मालक व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवून द्यायचा. एकदा त्यानं ते मेहुणीच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकलं. त्याच्या आत्यानं खाली लिहिलं, ‘खूप छान, सुखी राहा.’

साताठ महिन्यांनी, जुलै संपताना, कंपनीचं पत्र आलं. यापुढे कागद नाही, मेल नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच. सगळी ड्रॉइंगं, पत्रं, तपासणीचे तक्ते आता एका बंदिस्त जागी राहतील. ती जागा कॉम्प्युटरमधून उघडते पण कारखान्यात नसते, लांब कुठंतरी असते, तिला क्लाउड म्हणतात. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड, आणि वर फोनवर येणारा आकडा. कोणी काय उघडलं, किती वाजता उघडलं, ते आपोआप लिहिलं जातं. छापता येत नाही, पुढं पाठवता येत नाही. महिन्याभरात हे नीट सुरू झालं पाहिजे. मग कंपनीचा माणूस येऊन तपासेल. जमलं नसेल तर काम बंद.

शिकवायला अकोल्याहून स्नेहल नावाची मुलगी यायची. हुशार, पण बोलायला भारी फास्ट. पहिल्या दिवशी तिनं मालकाला, वाकोडे बाबूंना आणि सगळ्या बायांना पडद्यासमोर बसवलं. मालक तासाभरात वैतागला.

“मॅडम, सिधी बात बोलू? एकच पासवर्ड ठेवू. सगळे वापरतील. बाबू, माझाच लिहून घ्या...”

बाबूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. खरंच ठेवले. “मालक, सांगू नका! सांगसान तं मी आत्ता घरी जातो.”

“काहून? घरचेच तं आहोत सगळे.”

“घरच्यायपासूनच लपवा लागते.”

मग त्यांनी स्नेहलला तीन प्रश्न विचारले. ज्याला जे लागतं तेवढंच त्याला दिसणार का? बघितलं त्याचं नाव लिहिलं जाणार का? माणूस काम सोडून गेला तर त्याचं बंद होणार का? ती तिन्हींना हो म्हणाली. बाबू खुर्चीत मागे टेकले. मी त्यांना खुर्चीत टेकलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“पोरी, हे तं माह्यं स्टोअरच आहे,” ते म्हणाले. “फक्त याले भिंती नाहीत. मी तीस वर्षांपासून हेच करून राहिलो आन् हे सारे मले हासून राहिले.”

त्या दिवसापासून कारखान्यात बाबूंचं राज्य सुरू झालं. मालकानं त्यांनाच त्या कामाचा मुख्य केलं, दुसरं कोणी तयारच नव्हतं. त्यांचा फोन बटणांचा होता. आकडा आला की ते भिंतीकडे तोंड करून वाचायचे, किल्ली काढताना उभे राहायचे तसेच. रुख्मीनं एकदा तिचा आकडा मशिनच्या आवाजात ओरडून मला सांगितला, कारण तिला चष्मा सापडत नव्हता. बाबूंनी तिचं नाव दोन दिवस बंद करून ठेवलं. दोन दिवस ती झाडू मारत होती. मला बोटांनी टाइप करायला आठवडा लागला. बाबू मागे उभे राहून म्हणायचे, “वच्छलाबाई, घाई नाही. पन तुमचं तुमीच लिवा.” माझा पासवर्ड मी कोणाला सांगितलेला नाही. आजही सांगणार नाही.

तपासणीला नऊ दिवस राहिले असताना स्नेहलनं कंपनीची प्रश्नांची यादी वाचून दाखवली. एक प्रश्न असा होता, आधी कागदावर आलेली ड्रॉइंगं कुठे आहेत?

“चालू आहेत थे कपाटात,” बाबू म्हणाले.

“आणि रद्द झालेली?”

“रद्द म्हंजे रद्द. मेली.”

“नाही काका,” स्नेहल म्हणाली. “जुन्या ड्रॉइंगमध्ये एखादंच माप बदललेलं असतं. बाकी सगळं तेच. रद्द झालेलंसुद्धा गुप्तच धरतात.”

 बाबू उठले, स्टोअरमध्ये गेले, दार लावून घेतलं. मला कळलं. माझ्या नातीची गणिताची वही माझ्या डोळ्यांसमोर आली. आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर काही ना काही आलं असेल, कारण कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. त्या जूनमध्ये बाबूंनी जे कागद वाटले होते ते ट्रॅक्टरचे नव्हते. सैन्याच्या स्प्रिंगेच्या ड्रॉइंगमध्ये कंपनीनं मापं पुन्हापुन्हा बदलली होती, म्हणून रद्द कागद त्या वर्षी भरपूर निघाले होते. जन्मभर पेचकसाला सही घेणाऱ्या माणसानं सैन्याचं ड्रॉइंग आमच्या पोरांच्या दप्तरात घालून साऱ्या जिल्ह्यात पाठवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ते रजिस्टर घेऊन आमच्यात आले. उभ्यानंच वाचलं. सतरा नावं, प्रत्येकीपुढे दोन कागद आणि सही.

“चौतीस कागद,” ते म्हणाले. “चूक माही आहे. पन मले थे परत पाह्यजे. सारे.”

“उद्या आणते बाबू,” मी म्हणाले.

“उद्या नाही वच्छलाबाई. आता जा. मालकाले मी सांगतो.”

एकही बाई कुरकुरली नाही. हे मी आम्हा बायांच्या कौतुकासाठी सांगत नाही. काम जाणार होतं, म्हणून कुरकुरली नाही. दुपारी दोन वाजता आम्ही सगळ्या शाळाशाळांच्या फाटकाशी उभ्या होतो. संध्याकाळपर्यंत अर्धी कव्हरं आली. एकीनं दोन कव्हरं मोर्शीला भाच्याला दिली होती, ती एसटीनं जाऊन घेऊन आली. एकीची परतवाड्याला होती. पोट्टे रडले, आम्ही खाकी कव्हरं घालून दिली, गप्प झाले.

बाबूंनी पॅकिंगची दोन टेबलं जोडली आणि तुकडे जुळवायला घेतले. चौतीस कागद, एकाचे चार, म्हणजे एकशे छत्तीस तुकडे. कोणावर फुलांचं लेबल, कोणावर ‘इयत्ता तिसरी ब’, एकावर लोणच्याचं तेल. एका पोट्ट्यानं सैन्याच्या स्प्रिंगेला डोळे, मिशा काढून वर पोलिसाची टोपी घातली होती. रुख्मी ते बघून हसायला लागली, आणि खरं सांगते, बाबूही हसले. बाबूंचे दात मी तेव्हा पाहिले. चांगले होते.

पाचव्या दिवशी एकशे पस्तीस तुकडे होते. एका कागदाचा एक कोपरा नव्हता. तोही नेमका तो कोपरा, ज्यात कंपनीचं नाव आणि ड्रॉइंगचा नंबर असतो. रजिस्टर पाहिलं. कागद रुख्मीचा. रुख्मीनं तो तुकडा अकोल्याला बहिणीच्या मुलीला दिला होता. बहिणीला फोन केला. ती डाळ मिलमध्ये कामाला, पाचशिवाय सुटत नाही, आणि वही शाळेत तपासायला जमा.

“मी जातो,” बाबू म्हणाले.

“एकटे?” मी म्हणाले. “अनोळखी बाप्या शाळेत जाऊन पोरीची वही मागते म्हटल्यावर लोक मारतीन तुमाले.” म्हणून मी सोबत गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

अकोल्याच्या त्या शाळेत एक तरुण मास्तरीण होती. बाबूंनी सगळं सांगितलं, सैन्याचं सोडून. वही गठ्ठ्यात वरच दिसत होती. मास्तरीण म्हणाली, “तुम्ही मुलीचे कोण?”

“कोनी नाही.”

“मग मी वही का देऊ?”

“मॅडम, वही नको, वरचं कव्हरच पाह्यजे. नवं कव्हर मी घालून देतो.”

“मुलीच्या आईला आणा. तिनं सांगितलं तर देईन.”

मी भांडायला पुढे झाले. चार दिवस राहिले होते आणि आमचा कोपरा हाताच्या अंतरावर होता. बाबूंनी मला मागे ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं, याला ऊन लागलं.

“बरोबर आहे मॅडम,” ते म्हणाले. “एकदम बरोबर. अनोळखी मानसाले देऊच नाही. आमी थांबतो.”

आम्ही बाहेर ओट्यावर पाच वाजेपर्यंत बसलो. मी दोनदा चहा घेतला, बाबूंनी एकदाही नाही, वहीवरून नजर हटली असती ना. खिडकीतून तो गठ्ठा दिसत होता.

“बाबू,” मी म्हणाले, “साऱ्या गोष्टीले तुमी सही मागता. थे कागद काहून वाटत होते?”

“कोरे होते एका अंगानं. कोरा कागद फेकवत नाही.”

“पन सही तं घेतली.”

“सही घेतली. पन ‘परत’चा रकाना मी कधी आखलाच नाही त्या पानावर. थे परत मांगाचे नव्हते.” थोड्या वेळानं म्हणाले, “तीस वर्षांत तेवढंच एक पान.”

मीही त्या गठ्ठ्याकडे बघत बसले. 

पाच वाजून वीस मिनिटांनी रुख्मीची बहीण धावत आली, मास्तरणीला सांगितलं, वही मिळाली. बाबूंनी खिशातून खाकी कागद काढला आणि ओट्यावर बसून कव्हर घातलं. कोपरे असे मोडले की मास्तरीण बघत राहिली. मग त्या मुलीचं नाव, इयत्ता, विषय, सगळं सुंदर अक्षरात लिहिलं. एसटीत तो तुकडा त्यांनी बनियनच्या आत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी चौतीसही कागद पूर्ण झाले. बाबूंनी त्या पानावर पट्टीनं एक नवा रकाना आखला, वर ‘परत’ लिहिलं आणि चौतीस खुणा केल्या. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मालक स्टोअरमध्ये आला. म्हणाला, “बाबू, तुम्ही कमाल केली. आता हे भट्टीत टाका. रजिस्टरचं थे पान पन. किस्सा खतम.”

“पान?”

“फाडा. कोनाले समजते?”

“मालक, तपासाले येनाऱ्या बाईनं विचारलं, जुने कागद कुठं गेले, तं काय सांगाचं?”

“जाळले म्हना. खोटं थोडंच आहे! जाळूनच तं राहिलो आपन.”

“मधात दोन महिने कुठं होते?”

मालकाचा आवाज चढला. “बाबू, सतरा बायांच्या पोटाचा सवाल आहे! तुमच्या खरेपणापायी त्यायले घरी बसवू?”

मशिनं चालू होती, पण आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाबू भिंतीकडे वळले, शर्ट वर घेतला, करगोट्याची किल्ली सोडवली आणि मालकासमोर टेबलावर ठेवली. ती किल्ली दुसऱ्याच्या हाती जाताना मी कधी पाहिली नव्हती.

“पान फाडाचं असंल तं तुमी फाडा. पन मंग उद्या तिच्यासमोर मी बसत नाही.”

मालकानं किल्लीकडे पाहिलं. मग आमच्याकडे बघून ओरडला, “तुमी काय म्हनता व?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मीच सगळ्यांत म्हातारी. मला खरेपणाचं फार काही पडलेलं नव्हतं. मला काम हवं होतं. पण मी विचार केला, एकोणीस वर्षांत या माणसाच्या हातून एक गेज हरवलं नाही. मी म्हणाले, “ज्याच्या हातात किल्ली होती त्याच्याच हातात राहू द्या.” मालक पाय आपटत गेला. किल्ली टेबलावरच होती. बाबूंनी ती उचलून परत बांधली, भिंतीकडे तोंड करून.

तपासणीला आलेल्या बाई पुण्याकडच्या होत्या. केस आखूड, बोलणं कमी. सकाळपासून एकेकाला पडद्यासमोर बसवून बघत होत्या. माझी पाळी आली. मी माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फोनवरचा आकडा टाकला. माझ्या स्प्रिंगेचा तक्ता उघडला.

“आता भट्टीचा तक्ता उघडा,” त्या म्हणाल्या.

“तो मला उघडत नाही.”

“प्रयत्न करा.”

मी केला. पडद्यावर आलं, तुम्हाला परवानगी नाही. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशी, तुमचा पासवर्ड काय आहे?”

“तुम्हाला काय करायचं?” मी म्हणाले.

मालकानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, म्हातारीनं घात केला. बाईंनी मान खाली घालून लिहिलं, पण मी त्यांचं तोंड पाहिलं, त्या हसू दाबत होत्या. बाबू मागे ताठ उभे होते, गळ्याचं बटण लावून.

दुपारी तो प्रश्न आला. बाबूंनी टेबलावर गठ्ठा ठेवला, त्यावर रजिस्टर ठेवलं, ते पान उघडलं. मग सगळं सांगितलं, अकोल्यापर्यंत. काही लपवलं नाही, काही लांबवलं नाही. बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला. टोपीवाल्या स्प्रिंगेवर त्या जरा थांबल्या.

“द्यायला कोणी सांगितलं होतं?”

“कोनीच नाही. मले वाटलं, रद्द म्हंजे मेलं.”

“आणि आम्हाला सांगायला कोणी सांगितलं?”

बाबूंनी रजिस्टरवर बोट ठेवलं. “यानं.”

बाईंनी चौतीस कागद मोजले, मग चौतीस खुणा मोजल्या. सगळ्याचे फोटो घेतले आणि घडलेलं सगळं बाबूंकडून त्या बंदिस्त जागेत लिहून घेतलं. बाबू बोटानं एकेक अक्षर शोधत दोन तास टाइप करत होते. स्नेहल मदतीला गेली, तर म्हणाले, “माहं मी लिवतो.” संध्याकाळी बाई गेल्या. काय होणार ते सांगितलं नाही.

पंधरा दिवस आम्ही काम केलं आणि कोणी कोणाशी नीट बोललं नाही. मग उत्तर आलं, तेही त्याच बंदिस्त जागेत. मालकानं सगळ्यांना बोलावलं आणि स्नेहलनं वाचून दाखवलं. चूक गंभीर. कागदांची वसुली पूर्ण. नोंद पूर्ण. वसुली पूर्ण. काम चालू ठेवावे. त्याखाली आणखी एक ओळ होती, कारखान्याला दुसऱ्या स्प्रिंगेचंही ड्रॉइंग देण्यात येत आहे.

रुख्मीनं किंचाळी मारली. मालकानं बाबूंना उचलायचा प्रयत्न केला, पण किल्ल्या टोचल्या म्हणून लगेच सोडलं. मग गिला वडा मागवला, चार मोठे डबे, दही वरून वेगळं. हात दह्यानं माखलेले, सगळ्या एकदम बोलत होत्या. बाबू कोपऱ्यात स्नेहलला म्हणत होते, “मधातलं एकडाव परत वाच.”

“काम चालू ठेवावे?”

“नाही. त्याच्या आंधी.”

“नोंद पूर्ण.”

“हं,” बाबू म्हणाले. आणि मग वडा खाल्ला.

पुढच्या वर्षी मार्चअखेरीला ते निवृत्त झाले. मालकानं शाल, नारळ, भाषण, सगळं पाच वाजता ठेवलं होतं. त्यांची जागा आता स्नेहलनं घेतली होती, कायमची. बाबूंनी किल्ल्या करगोट्यावरून सोडवून तिला दिल्या, रजिस्टर दिलं, सह्या घेतल्या. मग म्हणाले, “आता माहं नाव बंद कर.”

“काका, कार्यक्रम तर होऊ द्या. उद्या करते.”

“पाच वाजले. पाचनंतर मी इथचा कोनी नाही. आता कर.”

तिनं केलं. बाबू पडद्यासमोर बसले. भिंतीकडे बघत मनातल्या मनात पासवर्ड आठवला, टाइप केला, बटण दाबलं. पडद्यावर आलं, तुम्हाला परवानगी नाही. त्यांनी पुन्हा एकदा केलं, सावकाश, नीट. पुन्हा तेच आलं.

मी बाजूलाच गेज परत द्यायला उभी होते. बाबू माझ्याकडे वळले. तोंडभर हसले, सगळे दात दिसले.

“पाह्यलं वच्छलाबाई? मलेही नाही देल्लं.”

मग उठले, गळ्याचं बटण काढलं आणि शालीसाठी बाहेर गेले.